सरबताचा बर्फ

मागच्या आठवड्यात आमच्या कांजूरच्या घरी फ्रीजवाला आला होता. तरुण, बोलका, पाठीवर बॅग आणि बॅगेत एक चिमुकला वजनकाटा. मागची नळी गंजून आतला गॅस निघून गेला होता. त्याने नळी जोडली, मग गॅसचा डबा काट्यावर उभा केला आणि आकड्यांवर डोळा ठेवून थोडा थोडा गॅस आत सोडला. "मोजून भरतो काकी, एक ग्रॅम इकडेतिकडे नाय होणार. टेन्शन नको," म्हणाला. मी टेन्शन घेतलंच नव्हतं. मी पदर नाकाला लावून बसले होते. त्याला वाटलं, कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतोय. वारा फिरला की आमच्याकडे तो येतोच, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला आता काही वाटत नाही. मला येत होता तो वास घाटकोपरच्या फ्रीजचा होता. तो फ्रीज भंगारात जाऊन एवढी वर्षं झाली, तरी कोणी माझ्यासमोर फ्रीजमध्ये गॅस भरायला लागलं की माझ्या नाकात सडलेली सुरमई येते आणि घशाशी आंबट पाणी येतं. किळस म्हणजे काय हे मी तिथे शिकले, आणि सुरमईचा त्यातला वाटा तसा थोडाच होता.

घाटकोपरला आम्ही चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. समोर लांबलचक गॅलरी, गॅलरीवर उघडणारी सहा दारं, आणि त्या सहा दारांत मिळून एक फ्रीज, तो आमचा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऑफिसातून कर्ज काढून तो आणला होता. फिकट हिरवा, एकाच दाराचा, वर बर्फाचा कप्पा. मोटर चालू झाली की त्याच्यावर ठेवलेली फुलदाणी किणकिणायची, आणि बंद होताना सगळा फ्रीज एकदा शहारायचा. आईला त्या फ्रीजचा भारी अभिमान. कोणाचं दूध नासेल, कोणाचं पीठ आंबेल, तर ती आपणहून म्हणायची, "आमच्याकडे ठेवा ना, जागा आहे भरपूर." मजल्यावरच्या बायका वाट्या आणून द्यायच्या आणि आई त्या लावून ठेवायची. कोणाची वाटी कुठल्या कप्प्यात हे तिने मनाशी ठरवलेलं होतं. जोशांचं दूध आमच्या दुधाशेजारी. साळव्यांचं जे काय असेल ते दारातल्या सगळ्यात खालच्या खणात, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात. "आम्ही काही पाळत नाही हो," हे वाक्य आई फार वेळा म्हणायची. ते इतक्या वेळा का म्हणावं लागतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

साळवेकाकू आमच्या शेजारच्याच दारात राहायच्या. मूळच्या परभणीकडच्या, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. आवाज ठणठणीत, साडीची इस्त्री कडक. त्यांची मुलगी सुजाता माझ्याच वर्गात, अकरावीत. सुजाताला लहानपणापासून मधुमेह. इन्शुलिनच्या छोट्या काचेच्या बाटल्या थंडीत ठेवाव्या लागायच्या, आणि दारातल्या त्या खालच्या खणात होत्या त्या बाटल्याच. सकाळी आणि संध्याकाळी, रविवारी दुपारी जेवण उशिरा असेल तेव्हाही, ती यायची, बाटली घ्यायची, घरी जाऊन सुई टोचायची आणि बाटली परत आणून ठेवायची. आमच्या घराची एक चावी त्यासाठीच साळव्यांकडे असायची. सुजाता आमच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कशालाही हात लावत नसे. तहान लागली तरी घरी जाऊन पाणी प्यायची. मला वाटायचं, लाजाळू आहे. मुळीच नव्हती. वर्गात मॅडमच्या तोंडावर मॅडमची नक्कल करणारी मुलगी ती.

आता अण्णांच्या सरबताचं सांगायला हवं. दर रविवारी दुपारी जेवणाआधी अण्णा बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे आणि आई त्यांना कोकम सरबताचा जग, दोन ग्लास आणि बर्फ आणून द्यायची. दुसरा ग्लास कोणासाठी, हे विचारायचं नसे. कपाटाच्या खालच्या फळीवर, जुन्या फायलींच्या मागे एक बाटली असायची. तिच्यातलं थोडं त्या ग्लासात पडायचं, वरून लाल कोकम, की झालं सरबत. आमच्या घरात कोणी पीत नव्हतं. आमच्या घरात अण्णा रविवारी सरबत घ्यायचे. सरबत जरा जास्त झालं की ते फार गोड बोलायचे, मला जवळ बोलवायचे, ऑफिसातल्या साहेबाची चाल करून दाखवायचे, आणि मी हसून हसून लोळायचे. मला अण्णा फार आवडायचे. हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला उगाच तक्रारखोर मुलगी समजायला नको.

मे महिना होता. संध्याकाळच्या गाडीने आम्ही तिघं नाशिकला एका लग्नाला जाणार होतो. म्हणून आईची बांधाबांध चाललेली, आणि त्या रविवारी बर्फ आणायला अण्णा स्वतः स्वयंपाकघरात आले. कप्प्यात बोट बोट जाड बर्फ साचला होता आणि ट्रे त्यात रुतून बसला होता. शहाण्या माणसाने फ्रीज बंद करून तासभर थांबलं असतं. अण्णांनी पिवळ्या मुठीची सुरी घेतली. मी ओट्याशी काकडी चोचवत उभी होते. सुजाता दाराशी उभी, अण्णा बाजूला झाले की बाटली घ्यायची म्हणून. अण्णा सुरीने बर्फ फोडत होते आणि आम्हाला हसवत होते, "बघा, हिमालयावर स्वारी!" एकदा त्यांनी जरा जोरात घाव घातला आणि आतून फुस्स असा आवाज आला. बारीक, लांबलचक. अण्णा म्हणाले, "फ्रीजला सर्दी झाली गं!" सुजाता खदखदून हसली. मीही हसले. ट्रे सुटला होता. अण्णांनी सुरी पुसून जागेवर ठेवली आणि सरबताकडे गेले. आम्हा कोणालाच कळलं नाही की फ्रीजचा जीव त्या आवाजातून निघून गेला होता. त्या गॅसला वास नव्हता.

शुक्रवारी सकाळी परत आलो. अण्णांनी कुलूप उघडलं आणि दार लोटलं, आणि वास आमच्या अंगावर आला. आई तिथेच उंबऱ्यात वाकली. मी बॅग टाकून गॅलरीच्या कठड्याकडे पळाले. फ्रीज उघडला तेव्हा आत जे होतं ते सांगताना आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीआधी सुटतं ते. लग्नाहून आल्यावर तळायची म्हणून मीठमसाला लावून ठेवलेली सुरमई फुगून काळीनिळी झाली होती. तिचा रस जाळीतून ओघळून खाली भाजीच्या खणात साचला होता, आणि त्या तपकिरी पाण्यात टोमॅटो विरघळले होते. दूध फाटून पातेल्याबाहेर आलेलं. धिरड्याच्या पिठाला राखाडी लव फुटलेली. भाजीचा खण उचलला तर खाली अळ्या वळवळत होत्या, भाताच्या शितांसारख्या पांढऱ्या. आई आणि मी ते सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून चार खेपा घालून खाली टाकलं. मग सोडा, लिंबू, कोळसा, कॉफीची पूड, ज्याने जे सांगितलं ते केलं. दाराच्या रबराच्या घडीत तो वास जाऊन बसला तो शेवटपर्यंत गेला नाही.

आम्ही धूत असतानाच साळवेकाकू आणि सुजाता आल्या. सुजाताने सांगितलं, "सोमवारी सकाळी मोटर सारखी चालूच होती काकू, पण आत गार नव्हतं. मंगळवारी तर मोटरचा चटका बसत होता. मग आईनं बटण बंद केलं."

"बटण तुम्ही बंद केलंत?" आईने हातातलं फडकं बादलीत आपटलं. "आणि आत मासे आहेत हे नाही दिसलं?"

"दिसलं ना," साळवेकाकू म्हणाल्या. "पण तुमच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंना हात कसा लावायचा? आमच्या बाटल्या काढून नेल्या. डॉक्टरांनी दोन्ही टाकून द्यायला सांगितल्या. एवढ्या उकाड्यात होत्या, भरवसा नको म्हणाले."

आईला बाटल्यांचं ऐकूच आलं नाही. "बटण बंद केल्यावर सडणार नाही तर काय होणार?" ती पुन्हा फ्रीज पुसायला लागली. अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर मागच्या रविवारचा होता.

दुपारी शिरोडकर आला. स्टेशनजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. काळासावळा, बुटका, कानावर विडी. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच त्याने रुमाल नाकावर बांधला. फ्रीज चालू करून त्याने मागच्या मोटरवर हात ठेवला, ऐकलं, बंद केला. मग मागची एक नळी कापून तिला आपल्या गॅसच्या बाटल्याची रबरी नळी लावली, थोडा गॅस आत सोडला आणि म्हणाला, "वैनी, साहेबांचा दाढीचा ब्रश आणि साबण द्या जरा." अण्णांच्या ब्रशने त्याने वाटीत फेस केला आणि बर्फाच्या कप्प्याच्या भिंतीला फासायला लागला, न्हावी गालाला फासतो तसा. मी बाजूला उभी राहून बघत होते. एका ठिकाणी फेसातून बुडबुडा फुगला. फुटला. पुन्हा फुगला.

"गावला," शिरोडकर म्हणाला. त्याने फेस पुसला, बॅटरी धरली आणि चिमट्याने काहीतरी उपसून माझ्या तळहातावर ठेवलं. सुरीचं टोक होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. "कोणी सुरी मारली गो ह्यात? गॅस सगळा उडाला. कोणी बटण बंद केलान ता बरा झाला, नायतर मोटर पण गेली असती."

आईने ओट्यावरची पिवळ्या मुठीची सुरी उचलली. तिचं टोक नव्हतं. आईने सुरीकडे बघितलं, मग दारातल्या खालच्या खणाकडे. अण्णा तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी माझ्या हातातलं टोक बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हसतील, म्हणतील, अगं ते माझंच काम, हिमालयावर स्वारी केली होती ना. आई थोडी ओरडेल, आणि मग संपलं.

"चावी त्यांच्याकडेच होती," आई म्हणाली. "पोरीला बर्फ हवा असणार. एवढ्या उकाड्यात. मागितला असता तर मी नाही म्हटलं असतं का?"

अण्णांनी घसा खाकरला. "जाऊ दे," ते म्हणाले, मऊ आवाजात. "पोरवय आहे. मुलांच्या हातून होतं असं. तू काही बोलू नकोस तिला."

अण्णा गप्प बसले असते तर मी कदाचित समजून घेतलं असतं. सुरी म्हटली की बर्फ आला, बर्फ म्हटला की सरबत आलं, आणि सरबतात काय असतं ते शिरोडकरसमोर कसं काढायचं. पण त्यांनी सुजाताला क्षमा केली. मोठ्या मनाने, मान हलवून, त्याच गोड आवाजात, जो ऐकायला मी दर रविवारी धावत जायचे. मला त्या क्षणी जी शिसारी आली तिच्यापुढे अळ्या काहीच नव्हत्या. अळ्या बादलीत टाकता आल्या होत्या. हा आवाज मला त्यानंतर वीस वर्षं ऐकावा लागला. अण्णा गेले तेव्हा लोक म्हणत होते, किती गोड माणूस. मी मान डोलवत होते.

शिरोडकरने भोकावर लेप बसवला, उद्या सुकल्यावर गॅस भरू म्हणाला आणि गेला. आईला मात्र राहवेना. न बोलण्याएवढा मोठेपणा तिच्याकडे नव्हता. ती मला घेऊन साळव्यांच्या दारात गेली. "साळवेबाई, आम्ही काही रागावलो नाही हं," तिने सुरुवात केली. "फक्त सुजाताला सांगून ठेवा, बर्फ काढायला सुरी वापरू नये. मागायचं, आपण देतो."

साळवेकाकूंनी आत वळून विचारलं, "सुजाता, तू फ्रीजमध्ये सुरी घातलीस?"

सुजाता पुढे आली. "नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "नीलाला विचारा. ती होती तिथं."

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. गॅलरीत कोणाच्या तरी घरी कांदा तळत होते. माझ्या मुठीत ते टोक अजून तसंच होतं, तळहाताला रुतत होतं. आईच्या चेहऱ्यावर मला एक गोष्ट दिसली. तिला उत्तर माहीत होतं. फुस्स आवाज तिने ऐकला नसेल, पण त्या रविवारी बर्फ आणायला कोण उठलं होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ती डोळ्यांनी मला सांगत होती की तोंड उघडू नकोस.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

सुजाता आत गेली. साळवेकाकूंनी आईला नमस्कार केला, शाळेत पालकांना करतात तसा, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गॅस भरला. मी समोर बसून सगळं बघितलं. शिरोडकरने नवं फिल्टर बसवलं, मग दुसऱ्या एका मोटरने फ्रीजच्या नळ्यांतली हवा उपसायला लावली. "आत हवेचा टिपूस राहाता नये," तो म्हणाला, "हवेतलं पाणी गोठतं आणि नळी तुंबते." तासभर ती मोटर घरघरत होती. मग त्याने गॅसच्या बाटल्याची चावी किंचित फिरवली आणि थांबला, पुन्हा किंचित फिरवली आणि थांबला. त्याच्याकडे वजनकाटा नव्हता. घड्याळासारख्या गोल मापावर काटा होता, पण त्याचा भरवसा स्वतःच्या हातावर. एक हात मागच्या गरम होणाऱ्या जाळीवर, एक आत परतणाऱ्या नळीवर. "जास्त भरला तर बाहेरच्या नळीवर बर्फ येतो, कमी भरला तर अर्ध्याच कप्प्यात बर्फ धरतो," तो सांगत होता. कप्प्याच्या भिंतीवर पांढरी साय धरायला लागली. आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे सारखी. त्याने नळी पकडीने दाबली, तिच्या टोकाला डाग दिला आणि डाग जिथे दिला तिथे अण्णांच्या ब्रशने पुन्हा फेस लावून बघितला. बुडबुडा आला नाही. आई म्हणाली, "झालं बाई एकदाचं."

तो डाग देत असतानाच साळवेकाकू दारात आल्या. त्यांनी आमच्या घराची चावी आईच्या हातात दिली. चावी घासून लख्ख केलेली होती, वर कागदाची पुडी. "आता लागणार नाही," त्या म्हणाल्या. "माठात माठ ठेवून मध्ये ओली वाळू घातली. डॉक्टर म्हणाले, इन्शुलिनला चालतं." आई म्हणाली, "अहो, असं काय करता, ठेवा ना इथेच, आम्ही काही..." आणि तिथेच थांबली. दारातल्या त्या खणात दुपारी तिने लोणच्याची बरणी ठेवली.

रविवार आला. अण्णा खुर्चीत बसले. आईने जग नेऊन ठेवला आणि मला म्हणाली, "बर्फ आण गं." ट्रे आता अलगद निघत होता. मी ताटलीत बर्फ घेतला, बर्फाशेजारी पिवळ्या मुठीची सुरी ठेवली आणि सुरीच्या तुटक्या टोकापाशी ते टोक, जिथे असायला हवं बरोबर तिथे, आणि ताटली अण्णांसमोर ठेवली. अण्णांनी बघितलं. त्यांचा चेहरा उतरला, आणि पुन्हा वर आला. "हे काय, ऑपरेशन आहे की काय?" ते हसले. आईने सुरी आणि टोक दोन्ही उचललं, पदराखाली घेतलं. "बर्फ वितळतोय," ती म्हणाली. "घ्या." अण्णांनी चिमट्याने दोन खडे उचलले आणि ग्लासात टाकले. ती सुरी पुन्हा आमच्या घरात दिसली नाही.

मी तशीच उठून शेजारी गेले. साळव्यांचं दार उघडं होतं. काकू जमिनीवर बसून वह्या तपासत होत्या. सुजाता खिडकीकडे तोंड करून सुई उकळत होती. ती वळली नाही.

"काकू, सुरी अण्णांनी मारली होती," मी म्हणाले. "मी बघितलं होतं."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "सुजातानं त्याच दिवशी जेवताना हसत सांगितलं होतं मला."

"मग तुम्ही आईला का नाही सांगितलंत?"

"मी सांगून तिनं ऐकलं असतं का गं?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुझं ऐकावं लागलं असतं. म्हणून तर सुजातानं तुझं नाव घेतलं." मग त्यांनी वही मिटली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आता सांगतेस आईसमोर? चल, मी येते तुझ्याबरोबर."

त्या खरंच चपला घालायला लागल्या. सुजाता आता वळून बघत होती.

"आई झोपलीय," मी म्हणाले.

आणि तेवढ्यात गॅलरीतून आईची हाक आली, खणखणीत, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी: "नीला! जेवायला चल गं, पानं वाढलीत!"

साळवेकाकूंनी पायातली चप्पल काढली आणि पुन्हा वह्यांपाशी जाऊन बसल्या.

"जा," त्या म्हणाल्या. "अन्न गार होईल."